पाऊण वाटी

रविवारी सकाळी दहाला फोन वाजला तेव्हा मी नेहमीसारखं, हॅलो वगैरे काही न म्हणता, "किती भरली वाटी?" असंच विचारलं. पलीकडे भाऊजी नव्हते. माझी धाकटी जाऊ सुमन म्हणाली, "ताई, मी बोलतीय. हे गेले." फिरून आले, बूट काढायला बसले, ते उठलेच नाहीत. मी "बरं" म्हणाले. गॅस बंद केला, भिजवलेले मूग फ्रिजमध्ये ठेवले, साडी बदलली आणि सातारा स्टँडवर जाऊन सांगलीची गाडी धरली. कऱ्हाडच्या पुढे शेजारच्या बाईंनी विचारलं, कुणाकडे निघालात? दिराकडे, म्हणाले. बाईंनी कौतुकानं मान हलवली... आता महिना उलटून गेला. रडू अजून आलेलं नाही.

भाऊजी फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. पेन्शनीत निघून सांगलीला परतले आणि महिन्याभरात घरातल्या दुरुस्त करण्याजोग्या वस्तू संपल्या. मग त्यांनी माशांची टाकी बांधायला काढली. तळ, पाठ आणि डावी बाजू प्लायवूडची, समोर आणि उजव्या हाताला जाड ॲक्रिलिक. मी तेव्हा तिकडे राहायला गेले होते. म्हटलं, "सांगलीत पाणी आपण होऊन घरात येतं, तुम्ही आणखी कोंडून कशाला ठेवताय?" तर म्हणतात, "आवं वहिनी, भायेरचं आत येतंय ते काय माझ्या हातात न्हाई. आतलं भायेर जाऊ न देणं जमतंय का बघतो." प्लायवूड घासून घासून त्याला आतून चार हात रंग दिला. प्रत्येक हात वाळेपर्यंत शेजारी खुर्ची टाकून असे बसायचे, जणू बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसलेत. शेवटी ॲक्रिलिक बसवून सांध्यांत सिलिकॉन भरलं. घरभर कैरीच्या लोणच्याची बरणी उघडल्यासारखा आंबूस वास. "आठ दिवस ह्याला कुनी बोट लावायचं न्हाई," असा हुकूम सोडून ते हात धुवायला गेले.

आता तेव्हाच्या माझ्याविषयी. चौतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवून नुकतीच निवृत्त झालेली बाई. पृष्ठताण, केशाकर्षण, फळ्यावर सुबक आकृत्या. ग्रहणाच्या दिवशी मुद्दाम वर्गात डबा उघडून खाणारी. आणि ह्या विदुषीच्या मनात काय आलं, तर नवीन वस्तू घरात उभी राहिली आणि तिला हळदकुंकू नाही! गुपचूप देवघरात गेले, बोट बुडवलं आणि टाकीत वाकून उजव्या कोपऱ्याच्या आतल्या सांध्यावर, तळापासून चार बोटं वर, चांगलं दाबून टेकवलं. नुकतीच भजी तळली होती, तेव्हा बोटाला तेलही असणारच. सिलिकॉन रुतलं. ते मी दुसऱ्या बोटानं सारखं केलं, पदराला हात पुसला आणि शहाण्यासारखी बाहेर येऊन बसले.

आठ दिवसांनी पाणी भरलं. बाकी सगळे सांधे कोरडे, फक्त उजवा कोपरा पाझरायला लागला. थेंब थेंब, आठवड्याला एक वाटी. भाऊजींनी खाली स्टीलची वाटी ठेवली आणि साताऱ्याला फोन केला. "वहिनी, तुमी शास्त्राच्या बाई. कशानं गळत आसंल?" मी त्यांना लाकूड पाणी कसं ओढून घेतं ह्यावर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वर, "लय बारीक अभ्यास हाय तुमचा," म्हणाले.

पुढे आमचे हे गेले. मी साताऱ्यात एकटी. त्या आठवड्यापासून फोन रविवारी दहाला यायला लागला. कशा आहात, जेवलात का, असलं कधी नाही. "वहिनी, आजबी गळतंय. अर्धी हाय." मग मी काहीतरी उपाय सांगायचा, तो त्यांनी करायचा नाही. अशी दहा वर्षं गेली. दोनदा-तीनदा खरं सांगायला तोंड उघडलं आणि बेसनाचा भाव विचारून मिटलं. शेवटच्या रविवारी मात्र म्हटलं, "भाऊजी, त्या गळतीबद्दल तुम्हाला एक सांगायचंय. पुढच्या रविवारी सांगते." ते हसले. "सावकाश सांगा. घाई न्हाई. वाटी हाय ठेवलेली."

महिना घालायला गेल्या मंगळवारी सांगलीला गेले. घर पाव्हण्यांनी भरलेलं, बसायला जागा नाही, म्हणून टाकीच्या उजव्या बाजूची त्यांची खुर्ची घेतली. मी त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. टाकी नेहमी समोरून, उभ्यानं बघितलेली. समोरून त्या कोपऱ्यावर ॲल्युमिनियमची पट्टी आहे. पाणी भरल्यावर महिन्याभरानं त्यांनी शोभेला म्हणून लावली होती. खुर्चीतून मात्र पट्टी आड येत नाही. तिथून, बरोबर डोळ्यांसमोर, पारदर्शक सिलिकॉनमध्ये एक लाल ठसा दिसतो. कडेला हळद जरा फिकटलीय. माझ्या बोटाच्या रेषासुद्धा मोजता येतील.

ह्या खुर्चीत ते रोज सकाळ-संध्याकाळ बसायचे.

सुमन चहा घेऊन आली. मी कुठे बघतेय ते तिनं बघितलं. म्हणाली, "सिलिकॉनची नळी केव्हाची आणून ठेवलीय बघा, फोडलीबी न्हाई. मी किती मागं लागले. म्हनायचे, ऱ्हाऊ दे गं, वहिनींशी बोलायला बरं पडतंय." मग कप माझ्या हातात देत, "मिस्त्री बोलवू का, ताई?"

मी नको म्हणाले. वाटी भरत आली होती. ती उचलून त्यांच्यासारखीच दारातल्या जास्वंदीला ओतली आणि पुसून परत जागेवर ठेवली. ठेवताना ती फरशीवर जरा वाजली... एवढंच.

काल रविवार होता. दहाला मीच फोन लावला. सुमननं उचलला. मी काही विचारायच्या आतच तिची पावलं टाकीकडे गेलेली ऐकू आली.

"पाऊण हाय, ताई," ती म्हणाली.