‘दुसऱ्या’पाशी मरणारा आवाज

“मॅडम, स्क्रीनशॉट पाठवा,” कॉम्प्युटर विकणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनवरचा माणूस मला तिसऱ्यांदा म्हणाला. मीही त्याला तिसऱ्यांदा सांगितलं, की मी जन्मापासून आंधळी आहे, स्क्रीनवर काय आहे ते मला दिसत नाही, आणि दिसत असतं तर तुम्हाला फोन करायची वेळच आली नसती. तो म्हणाला, “बरं, मोबाइलनं फोटो काढून पाठवला तरी चालेल.”

मी फोन ठेवून दिला. तक्रार ऐकून घ्यायला बसवलेल्या माणसाला ऐकूच येत नसेल, तर आमच्या दोघांत अपंग कोण, हे एकदा ठरवायला हवं.

नांदेडच्या एका कॉलेजात मी क्लार्क आहे. रोज अर्धापूरहून बसनं येते, स्टँडवरून ऑटो करते. नोकरीला लागले तेव्हा मला टेलिफोनच्या बोर्डवर बसवलं. आंधळी म्हटलं की बोर्ड, एवढंच सरकारी डोक्याला सुचतं. दहा वर्षं मी तिथं बसले. सुरुवातीला घंटी तरी वाजायची. पुढं ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आले आणि माझ्या बोर्डवर दिवसाकाठी एखादी क्रेडिट कार्ड विकणारी मुलगी तेवढी बोलायची. पगार मिळत होता, काम नव्हतं. लोकांना यात हेवा वाटण्यासारखं काही दिसायचं. मला मात्र रोज संध्याकाळी घरी जाताना लाज वाटायची.

म्हणून मी आवक-जावकचं टेबल मागितलं. आलेल्या आणि जाणाऱ्या प्रत्येक पत्राला नंबर देऊन नोंद करायची, एवढंच ते काम. पत्रं आता ईमेलनंच येतात, कागदावरचं एखादं आलं तर स्कॅन करता येतं आणि मजकूर वाचून दाखवणारा मराठी आवाजही फुकट मिळतो, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेला. प्राचार्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एक महिना बघू. कुणाचीही मदत न घेता जमलं तर टेबल तुमचं. नाही तर पुन्हा बोर्ड.” मला हे न्याय्य वाटलं. मी आभारसुद्धा मानले. अजून त्या आभारांची चीड येते.

पहिल्या दिवशी पहिलंच पत्र उघडलं. आवाज दोन ओळी वाचून मध्येच मेला. अडखळला नाही, खरखरला नाही, मेलाच. पुन्हा चालू केला, पुन्हा तिथंच मेला. आता गंमत अशी, की ज्या शब्दापाशी आवाज मरतो तो शब्द मला ऐकूच येत नाही. म्हणजे कुणाला तरी हाक मारून विचारा, “अहो, इथं काय लिहिलंय?” पहिल्या आठवड्यात अशा पंचवीस-तीस हाका झाल्या असतील. प्रत्येक हाकेला आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, खुर्ची मागं ढकलायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडायचे. “कामून बेजार होऊन राहिल्या मॅडम? बोर्डवर काय वाईट होतं?”

हेल्पलाइनचा तो फोन याच आठवड्यातला. मग दुरुस्तीवाला आला. आमच्याकडच्या दुरुस्तीवाल्यांना एकच विद्या येते. “फॉरमॅट मारू,” तो म्हणाला. नेमकं काय होतंय हे त्यानं विचारलं नाही. विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही. ऑफिसात काही बिघडलं की प्रत्येक जण एकच सांगतो, “आपोआप झालं.” प्रिंटर आपोआप अडकतो, फाइल आपोआप उडते, चहा कीबोर्डवर आपोआप सांडतो. कुणी काही केलेलंच नसतं.

मी त्याला हात लावू दिला नाही. आवाज ज्यांनी केला त्यांनाच कळवायचं ठरवलं. ते कमांड लाइनवरून कळवता येतं. हुकूम टाइप करायचा, उत्तर अक्षरांत येतं, चित्रबित्र काही नाही. बडे बाबू म्हणायचे, “मॅडम काळ्या पडद्यावर काम करतात.” काळा असेल, मला सगळे पडदे सारखेच. इंग्रजी आवाज धडधाकट होता, तो मला कमांडची उत्तरं वाचून दाखवायचा.

बिघाड कळवणारा तो प्रोग्रॅम तीन प्रश्न विचारतो. तुम्ही काय केलं? काय व्हावं अशी तुमची अपेक्षा होती? प्रत्यक्षात काय झालं? दुसऱ्या प्रश्नाशी मी थांबले. काय व्हावं अशी तुमची अपेक्षा आहे, असं मला आजवर ना शाळेत कुणी विचारलं होतं, ना नोकरीत. एका निर्जीव प्रोग्रॅमनं विचारलं आणि मी तो प्रश्न पुन्हा एकदा वाचून घेतला.

आणि मग मी काय लिहिलं? अर्ज! इंग्रजीत लिहिला, पण बाज अस्सल कार्यालयीन. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर आवाज वारंवार बंद पडत असून त्यामुळे कामकाजाचा खोळंबा होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती. दोन दिवसांनी कुठल्या तरी दूरदेशच्या माणसाचं उत्तर आलं. सर, आमच्याकडे असं काही घडत नाही. आवाज कोणत्या अक्षराला बंद पडतो?

मी खूप चिडले. परदेशात बसून म्हणे आमच्याकडे घडत नाही! मग माझाच अर्ज पुन्हा ऐकला आणि शरमले. पानभर मजकुरात एकही उपयोगाची गोष्ट नव्हती. बड्या बाबूंना हसणारी मी, माझंही सगळं आपोआपच होत होतं.

मग जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून कामाला लागले. जिथं आवाज मरायचा ते पत्र अर्धं कापलं आणि एकेक अर्धं कमांडनं आवाजाला दिलं. जे अर्धं वाचताना तो मेला, ते पुन्हा अर्धं कापलं. असं करत एका ओळीवर आले, मग एका शब्दावर. शब्दातली अक्षरं एकेक सुटी केली आणि प्रत्येकाचा क्रमांक इंग्रजी आवाजाकडून वाचून घेतला. सापडलं. ‘दुसऱ्या’ शब्दातला ऱ. सूर्यातला नव्हे, दुसऱ्यातला. हे अक्षर हिंदीला लागत नाही. कुणी तरी हिंदीचा अक्षरतक्ता उचलून मराठीला लावला होता आणि हे अक्षर त्यात नव्हतंच. ते समोर आलं की आवाज खलास.

आता सरकारी पत्र या अक्षरावाचून लिहून दाखवा. कर्मचाऱ्यांनी, अधिकाऱ्यांना, दुसऱ्या सत्रासाठी. माझं टेबल मुळी या अक्षरावरच उभं होतं.

मी आनंदानं बड्या बाबूंना सांगायला गेले, की आवाज ‘दुसऱ्या’, ‘कर्मचाऱ्या’ असल्या शब्दांना मरतो. ते म्हणाले, “अस्सं का. मग त्याच्या पुढचं तुम्हाला कळतच न्हाई म्हना की.” त्यांनी एवढंच ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या वेळी मी तीन ओळी लिहिल्या. हे एक अक्षर आवाजाला दिलं. त्यानं ते उच्चारावं अशी अपेक्षा होती. तो मेला. खाली ती एका ओळीची कमांड जोडली, कुणीही चालवून बघावी अशी. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, सर, खरंच घडलं, दुरुस्त केलंय, नवी आवृत्ती टाकून घ्या. त्यालाही मी बाई असेन असं काही वाटलं नाही, पण त्याला सगळं माफ. मी नवी आवृत्ती टाकली आणि ‘दुसऱ्या’ हा शब्द पाच वेळा ऐकला. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. हाका बंद झाल्या, तरी कुणी विचारलंही नाही.

महिना संपायला चार दिवस होते. बडे बाबू जाणाऱ्या पत्रांचे मसुदे माझ्या कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरमध्ये टाकतात, मी त्यांना नंबर देते. आमची रीत उलटी आहे, आधी जावक नंबर आणि मग सही, कारण साहेब, म्हणजे प्राचार्य, निम्मा वेळ दौऱ्यावर असतात. त्या दिवशी फोल्डरमध्ये तीन पत्रं होती. पहिली दोन विद्यापीठाला. तिसऱ्याचा विषय, आवक-जावक कक्षाच्या कामकाजाबाबत. आवाज वाचत गेला. सदर कक्षाचे कामकाज दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे सोपविण्यात येत असून संबंधितांनी पूर्ववत दूरध्वनी कक्षात रुजू व्हावे. संबंधित म्हणजे मी. मसुद्यावर तारीख होती ती प्राचार्यांनी मला महिना दिला त्याच दिवसाची.

म्हणजे माझी परीक्षा सुरू होण्याआधीच निकाल टाइप झाला होता. आणि बड्या बाबूंनी तो माझ्याच फोल्डरमध्ये बेधडक टाकला होता, ‘दुसऱ्या’च्या पुढचं हिला कळतच नाही या भरवशावर. माझ्याच बदलीला माझ्याच हातानं नंबर! मला रडू आलं नाही. अंगाचा नुसता भडका उडाला. मी इअरफोनची वायर उपटली, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि पत्र पहिल्यापासून पुन्हा लावलं. ऑफिसातलं एकेक बोलणं बंद होत गेलं. मग मी त्या पत्राला रीतसर जावक नंबर दिला, नोंद केली, छापलं आणि स्वतः प्राचार्यांकडे घेऊन गेले.

“सर, सही,” मी म्हटलं. “नंबर पडलाय.”

कागद हातात घेतल्याचा आवाज आला. नंतर ते म्हणाले, “हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं?”

“कुणी नाही सर. मी वाचलं.”

त्यांनी घंटी वाजवली. शिपाई आला. माझ्यासमोर, मी तिथं नसल्यासारखं, त्यांनी त्याला विचारलं, “मॅडमला हे पत्र कुणी वाचून दाखवलं?”

“कुनीच न्हाई सर,” शिपाई म्हणाला. “मॅडमचं मशीनच बोलून राहिलं हुतं. समद्या हापिसानं ऐकलं.”

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. “रद्द करा हे,” ते म्हणाले.

नंबर पडलेलं पत्र रद्द करायचं तर रजिस्टरात कारण लिहावं लागतं. मी विचारलं, “कारण काय लिहू सर?”

ते म्हणाले, “लिहा, टंकलेखनातील चूक.”

मी टेबलावर परत आले आणि तसंच लिहिलं. टंकलेखनातील चूक. कुणाची, ते लिहायला रजिस्टरात रकाना नाही.