नानांची मोठी अक्षरं

संध्याकाळी कामावरून घरी आलो की चपला काढता काढता मी आधी नानांकडे बघायचो. नाना म्हणजे माझे वडील. ते पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसलेले दिसले तर दिवस बरा गेला असं समजायचं. खिडकीपाशी खुर्ची ओढून रस्त्याकडे तोंड करून बसलेले असले, तर अक्षरं पुन्हा बारीक झालेली असणार, आणि माझी संध्याकाळ त्या कॉम्प्युटरच्या डब्यातच जाणार. दिवाळीच्या आधीच्या दोन-अडीच महिन्यांत ते खिडकीपाशीच जास्त दिसले.

आई गेल्यावर नानांना आम्ही पिंपळगाव रेणुकाईहून जालन्याला, मस्तगडच्या घरी घेऊन आलो. शेती चुलतभावाला बटईने दिली. गावात त्यांचा दिवस पहाटे सुरू व्हायचा आणि संपता संपत नसे. इथे तो चहाबरोबर सुरू व्हायचा आणि चहाबरोबरच संपायचा. राहता राहिला पेपर. तो ते मथळ्यापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचत. मग डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यातला पडदा झिजला आहे, चष्म्याचा नंबर वाढवून भागणार नाही. भिंग आणलं, पण त्यांचा हात थरथरतो. मी पेपर वाचून दाखवायला बसलो, तर मला मध्येच थांबवून म्हणाले, "मी काय पहिलीतलं पोरगं हाये का? अन् तू निम्मी बातमी खाऊन राह्यला."

मी खात होतो हे खरं. कारखान्यात दिवसभर लोखंडाच्या आवकजावकीचे आकडे जुळवून आल्यावर मला कुठल्याही बातमीचा दुसरा परिच्छेद वाचवत नाही.

कॉम्प्युटर कारखान्यातून मोडीत निघालेला. वजनकाट्यावरच्या माझ्या मित्राने त्यावर लिनक्स ही फुकटची, हलकी सिस्टीम टाकून दिली, कारण दुसरं काही त्या मशीनला झेपणार नव्हतं. त्या लिनक्समध्ये डेस्कटॉपचे इफेक्ट म्हणून एक प्रकार असतो. पडद्यावरची खिडकी ओढली की ती खरवसासारखी थुलथुलते, बंद केली की विरघळून जाते. मला असल्या नखऱ्यांचा राग. पहिल्याच दिवशी सगळे बंद करत गेलो, आणि शेवटी एका नावावर थांबलो. झूम. दोन बटणं एकदम दाबली की पडद्यावरचं सगळं मोठं होतं. अक्षर लिंबाएवढं करा, नारळाएवढं करा. माऊस हलवाल तसं पान पुढे सरकतं.

तो एक इफेक्ट ठेवला. बायकोने आपल्या जाड टिकल्या त्या बटणांवर चिकटवल्या, म्हणजे नानांना बोटांनी सापडतील. नाना म्हणाले, "सूनबाई, मशीनला बी सवाष्ण करून टाकलं तुम्ही." आणि इंटरनेटवरचा पेपर वाचायला बसले. सुरुवात निधनवार्तांपासून. "आरं, हा गेला? माझ्याहून लहान व्हता." त्या आवाजात दुःख कमी आणि हिशेब लागल्याचं समाधान जास्त होतं. त्या दिवशी ते जेवायला दोनदा हाक मारल्यावर उठले.

जवळजवळ वर्षभर हे चाललं. मग एका संध्याकाळी ते खिडकीपाशी दिसले.

"काय झालं?"

"तुझं मशीन रुसलं. दाबतो, पन मोठं होईना."

सेटिंगमध्ये गेलो तर तिथे एक सूचना होती. तिचा मतलब असा, की मागच्या वेळी इफेक्ट सुरू करताना गडबड झाली होती, म्हणून सुरक्षिततेसाठी सगळे इफेक्ट बंद ठेवले आहेत. खाली पुन्हा सुरू करण्याचं बटण होतं. दाबलं. झूम आला. नानांना बोलावून दाखवलं, आणि जेवलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बंद. पुन्हा तीच सूचना. पुन्हा बटण. मग कधी दोन दिवस चाले, कधी एकच. मी कामावरून येताना वाटेतच मनाला सांगायचो की आज चालू असेल. बहुतेक वेळा नसे.

मी आकड्यांत वावरणारा माणूस आहे. बेरीज चुकली तर एक-एक रकाना तपासायचा, दोन ठिकाणी एकदम हात घालायचा नाही, ही माझी पद्धत. तशीच इथे लावली. आधी नुकतंच आलेलं अपडेट मागे घेतलं. काही दिवस वाट पाहिली. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला. मग इफेक्ट पडद्यावर रंगवायची रीत बदलली. तिने पडदाच फाटल्यासारखा दिसू लागला, म्हणून जुनी लावली. मग नवीन युजर करून त्यात नानांचं सगळं बसवलं. प्रत्येक वेळी रात्रीपुरतं बरोबर चालायचं. मी चालू करून बघितलं की चालतं, आणि मी कामावर गेलो की बंद पडतं. इंटरनेटवर विचारलं तर जगभरातले लोक एकच सांगत होते की इफेक्ट हवेतच कशाला, बंद करा, मशीन हलकं होईल. हे मीही वर्षापूर्वी कुणाला सांगितलं असतं.

वजनकाट्यावरच्या मित्राला डबा खाताना सगळं सांगितलं. त्याने भाकरी तोडता तोडता निकाल दिला, "भाई, ग्राफिक्सचं कार्ड गेलं. बिलकुल गेलं. दुसरं टाका."

"कार्ड गेलं असतं तर संध्याकाळी चाललं असतं का?"

"मंग तुम्ही गेल्यावर ते सुट्टी घेतंय. तुमच्यासारखं न्हाई ते."

हसू आलं, पण मदत झाली नाही.

नाना मात्र हसण्याच्या पलीकडे गेले होते. एका संध्याकाळी मी वायरी तपासत खाली वाकलो होतो, तेव्हा खुर्चीतूनच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मला गावाकडं सोडून ये. इथं बसून भिंती मोजायच्या, त्यापरीस तिथं बांधावर तरी बसंन."

"तिथं एकटे कसे राहाल? स्वयंपाकाचं काय?"

"भाकर बघायला डोळे लागत न्हाईत."

हे ते चिडून बोलले असते तर मी सोडून दिलं असतं. ते शांतपणे बोलले. मला कळलं की यांनी हे पक्कं करत आणलं आहे. पिंपळगावच्या घराला तीन पायऱ्या आहेत, अंगणात विहिरीचा कठडा खचलेला आहे, आणि यांना समोर आलेला माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. माझ्या डोक्यात झूम आणि तो कठडा एकाच ओळीत येऊन बसले.

त्यानंतर एक गोष्ट लक्षात आली ती नानांच्या कुरकुरीमुळे. म्हणाले, "अन् रोज उठून तीच बातमी दाखवून राह्यलं. कापसाचा भाव रोज तेवढाच. मला वाटलं बाजारच थांबला." मी बघितलं. कॉम्प्युटर सुरू केला की मागच्या वेळी उघडं असलेलं काम पुन्हा उघडावं, असं मी लावून ठेवलं होतं. पण हे 'मागच्या वेळी' तो नीट बंद करताना नोंदतो. आणि उघडत होतं ते दीड-दोन महिन्यांपूर्वीचं पेपरचं पान. रात्री मी तपासून बंद करायचो तेव्हाही तेच पान उघडं असे, म्हणून पुन्हा तेच नोंदलं जाई. म्हणजे तेव्हापासून तो दिवसा एकदाही नीट बंद झालेला नव्हता.

बायकोला विचारलं, "दुपारी कॉम्प्युटर बंद कोण करतं?"

"नाना. जेवायच्या आधी भिंतीवरचं बटन पाडतात."

"थेट भिंतीवरचं? कधीपासून?"

"आधी चालू-बंद मीच करून द्यायचे. दोनेक महिने झाले, आता त्यांचं तेच करतात." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "मला वाटलं तसंच करायचं असतं."

यातून जुन्या पेपरचा उलगडा झाला, पण सकाळी इफेक्ट का बंद पडतात याचा झाला नाही. एक दिवसाची रजा टाकली आणि सकाळी पेपर घेऊन पुढच्या खोलीतच बसलो. नानांनी भिंतीवरचं बटण लावलं, मशीनचं बटण दाबलं, आणि खुर्चीत ताठ बसले. मशीन म्हातारं आहे. नाव वगैरे दाखवून झालं की पडदा काळा होतो आणि बराच वेळ काळाच राहतो. त्या काळ्या पडद्याकडे नानांनी थोडा वेळ बघितलं. मग उठले, भिंतीवरचं बटण पाडलं, मनातल्या मनात काहीतरी मोजलं, पुन्हा लावलं.

"नाना, हे काय केलं?"

"उचलत नव्हती. झटका दिला."

तेव्हा सगळं जागेवर बसलं. गावाकडच्या शेतातली, विहिरीवरची मोटर. लाईट कमी दाबाने आली की मोटर नुसती गुरगुरते, उचलत नाही. तेव्हा तिला तसंच ठेवलं तर जळते आणि तिची कॉइल भरून आणायला भोकरदन गाठावं लागतं. म्हणून स्टार्टर पाडायचा, दम घेऊ द्यायचा, पुन्हा लावायचा. आणि काम झालं की मेन स्विच पाडल्याशिवाय शेत सोडायचं नाही, कारण गेलेली लाईट कधी येईल आणि मोटर आपोआप चालू होईल याचा भरवसा नाही. नानांनी चाळीस वर्षं मोटर सांभाळली आणि एकदाही जळू दिली नाही. गावात हे सांगितलं जातं.

आणि तो काळा पडदा म्हणजे नेमकी इफेक्ट सुरू होण्याची वेळ. मशीन इफेक्ट लावायला घेतं तेव्हा आधी स्वतःसाठी खूण करून ठेवतं, आणि नीट लागले की ती खूण पुसतं. नाना मध्येच लाईट पाडत. खूण तशीच राही. पुढच्या खेपेला मशीनला वाटे की इफेक्टमुळेच आपण कोसळलो, म्हणून ते इफेक्ट बंद करून बसे. नाना मशीनला वाचवत होते आणि मशीन स्वतःला.

हे मी त्यांना सांगितलं. जमेल तेवढ्या सोप्या भाषेत, मोटरचा दाखला देऊन, आणि चांगल्या हेतूने. ते ऐकत राहिले.

"म्हंजे खराबी माझीच."

"खराबी नाही नाना. फक्त थोडं थांबायचं. आणि बंद करताना सूनबाईला सांगायचं."

"हां."

दुसऱ्या दिवशी ते कॉम्प्युटरजवळ गेलेच नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. मी सुरू करून, पान मोठं करून ठेवलं तरी नाही. बायको म्हणाली की दुपारी ती कपडे वाळत घालायला गेली, तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली, बटणांवरून बोट फिरवलं आणि उठून गेले. त्या रात्री जेवताना म्हणाले, "रविवारी जाऊ पिंपळगावला." 'सोड' म्हणाले नाहीत, 'जाऊ' म्हणाले. पण त्यांनी पिशवीत चारही धोतरं भरली होती.

शनिवारी संध्याकाळी मी मशीनपुढे बसलो. रोज सुरू होताना, कुणी काही विचारायच्या आत, ती जुनी खूण पुसून टाकायची, असं त्याला लिहून दिलं. चार ओळींचं काम. जाणकारांना विचारलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं, कारण ती खूण संरक्षणासाठी असते आणि रोज अशी लाईट तोडली तर डिस्क आज ना उद्या जाणार. मलाही हे पटत नव्हतं. चुकीची नोंद दुरुस्त न करता तिच्यावरच पुढचा हिशेब चालवायचा, असं मी आयुष्यात केलेलं नाही. मग चार वेळा काळ्या पडद्यावर लाईट पाडून बघितली. चारही वेळा झूम आला.

नानांना म्हटलं, "आता खुशाल पाडा बटन. त्याला सांगून ठेवलंय."

"काय सांगितलं?"

"की घाबरू नको, आमच्याकडं असंच असतं."

ते हसले नाहीत. "बघू," म्हणाले.

रविवारी एसटीने गेलो. भोकरदनला गाडी बदलली. घरासमोर नानांनी किल्ली स्वतः मागून घेतली. कुलपाचं भोक त्यांना सापडेना. अंगठा ठेवायचे, किल्ली आणायचे, ती शेजारी घसरायची. मी हात पुढे केला नाही. बऱ्याच वेळाने कुलूप उघडलं. आत धूळ, कोपऱ्यात स्टार्टरचा जुना डबा, भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. चुलतभाऊ येऊन बसला, शेताचं बोलला. नाना बांधापर्यंत त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले आणि तसेच परत आले. चुलतभाऊ म्हणाला, "काका, ऱ्हा की आता इथंच. मी हाये ना, रोज सांजच्याला येऊन पेपर वाचून दाखवीन."

नाना ओसरीवर बसून होते. पिशवी अजून बांधलेली. त्यांनी मला विचारलं, "झटका दिला तरी मशीन चालंल म्हनला ना तू?"

"चालेल."

"अन् जळालं मंग?"

"जळालं तर दुसरं आणू."

"खर्चा लई करतो तू," म्हणाले. मग चुलतभावाला, "न्हाई रे. पुन्यांदा येईन." आणि मला, "शेवटची गाडी किती वाजता हाये?"

परतीच्या गाडीत बसलो. माझी पाठ सकाळपासून दुखत होती. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी सहा तासांची झोप झाली तर नशीब, अशा हिशेबात मी होतो. राजूरला दर्शनाची गर्दी गाडीत चढली, उभं राहायलाही जागा उरली नाही. नानांना झोप लागली होती. मी त्यांच्या मांडीवरची धोतरांची पिशवी उचलून माझ्या मांडीवर घेतली.