पंपावरचे भावजी

आमच्या काळी प्रत्येक प्रयोगाला अग्निशमन दलाचा एक माणूस विंगेत बसवलेला असायचा. पडदे, लाकूड, रंग आणि वर तापलेले दिवे. नाटकाचं घर म्हणजे पेटायला टपलेलंच. हे लोक बहुतेक वेळा स्टुलावर डुलक्या घ्यायचे. एकटाच असा होता की जो डोळे ताणून सगळं नाटक बघायचा, तेही उलट्या बाजूने, पात्रांच्या पाठीकडून. तिसऱ्या अंकात मला नायकाचा फोटो पितळी ताटात जाळायचा असे. एका प्रयोगाला ज्योत जरा वर आली. माझं पल्लेदार वाक्य सुरू झालं, आणि हा गृहस्थ बादली घेऊन थेट रंगमंचावर! ताट, फोटो, नायिका, सगळं एका दमात विझवलं. प्रेक्षागृहात टाळ्यांचा पाऊस पडला. त्या नाटकाला एवढ्या टाळ्या परत कधी मिळाल्या नाहीत.

पडदा पडल्यावर तो मान खाली घालून समोर आला. म्हणाला, "बाई, डोक्याला कळत होतं हो, नाटक आहे म्हणून. हातांनी ऐकलं नाही."

आमचा कपडेपट सांभाळायची माझी थोरली बहीण. तिने माझा निथळणारा झगा त्याच्यापुढे धरला. "पाणी टाकता येतं, तसं पिळताही येतं का?" तो मुकाट्याने पिळायला लागला. ताईचं लग्न त्या झग्यावर ठरलं असं मी म्हणते. ती म्हणायची, उगाच काहीतरी, लग्न सहा महिन्यांनी ठरलं. पण तो माणूस आमचा भावजी झाला हे खरं.

भावजी बंबाच्या पंपावर होते. आगीत शिरणारे वेगळे. पंपवाल्याने बाहेर गाडीशी उभं राहायचं, आतल्याने हाक दिली की पाणी सोडायचं, दाब राखायचा. आतला माणूस पंपवाल्याच्या जिवावर आत जातो. भावजींच्या पंपाला हाक कधी दोनदा द्यावी लागली नाही, असं त्यांच्या केंद्रात म्हणत.

पुढे माझा धाकटा भाऊही त्याच केंद्रात भरती झाला. घरात त्याला आम्ही भोंगा म्हणायचो. पाळण्यात होता तेव्हापासून आवाज तसा. आई म्हणे, "हा बंबावर गेला ते बरं झालं, घंटेचा खर्च वाचला." नळीचं तोंड धरून आत शिरायचं काम त्याचं आणि मागे पंपावर भावजी. आई दुसऱ्या गावी राहायची. पण मुलगा जावयाच्या नजरेखाली आहे म्हटल्यावर ती निर्धास्त होती.

त्या केंद्रात एक रीत होती. कुठल्या पुस्तकात लिहिलेली नव्हती. आगीवरून परत आलं की आत गेलेली माणसं बंबाच्या खोलीतल्या दगडी फरशीवर ओळीने उभी राहायची आणि पंपवाला हलक्या दाबाने प्रत्येकाला धुवायचा. काजळी, राख, चिखल, सगळं. आपण बाहेर सुखरूप उभे होतो, आता आत गेलेल्यांची एवढी तरी सेवा करावी, असा त्यामागचा भाव. भावजी हे फार मनापासून करत. भोंगा मुद्दाम लहान मुलासारखा हात वर करून उभा राहायचा. "भावजी, कानामागे राहिलं! बगलेत राहिलं! आईनेसुद्धा एवढं चोळून धुतलं नव्हतं."

"तोंड मीट, नाहीतर तेही धुतो."

मग एके सकाळी धान्याच्या गोदामातून फोन आला. धान्याला कीड लागू नये म्हणून तिथे एका कोपऱ्यात औषधाचे डबे रचलेले होते. छपरातून पाणी गळलं, खालचे डबे गंजून फुटले आणि ओल लागताच त्यातल्या करड्या भुकटीतून वायू सुटायला लागला. हे औषध कोरडं असेल तोवर गरीब. पाणी लागलं की त्यातून निघणारा वायू श्वासातून आत जातो आणि माणसाला आतून बुडवतो. एका कोपऱ्यात पोती धुमसत होती. दोन हमाल चक्कर येऊन पडले होते, त्यांना दवाखान्यात नेलं होतं.

केंद्रावरचे साहेब शहाणे होते. उतरल्या उतरल्या त्यांनी वारा कुठून येतो ते बघितलं, गाड्या त्या बाजूला लावल्या, वाऱ्याच्या दिशेची घरं रिकामी करवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पाण्याचा थेंब सोडायचा नाही. वाळू आणि फावडी."

नळ्या गुंडाळलेल्याच राहिल्या. भावजी पंपाशी हात बांधून उभे. दोरीपलीकडे गर्दी जमली होती, ती काय गप्प बसते? "अहो, धूर दिसत नाही का?" "बंब आणलाय कशाला, मिरवायला?" "पाणी घरी विसरले वाटतं!" भावजी नंतर ताईला म्हणाले की आयुष्यात एवढं अवघड काम कधी केलं नव्हतं, नुसतं उभं राहायचं. पण ते उभे राहिले. भोंगा आणि आणखी तिघे मुखवटे चढवून, पाठीवर हवेच्या टाक्या घेऊन आत गेले. धुमसणारी पोती कोरड्या वाळूने दाबली. फुटके डबे छातीशी धरून एकेक बाहेर आणले आणि झाकणाच्या कोरड्या पिंपात बंद केले. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. एक माणूस गेला नाही, एक घर गेलं नाही. साहेबांनी निघताना बजावलं की कपडे नीट झटकून घ्या. सगळ्यांनी वरवर झटकले. पण भोंग्याच्या कोटाच्या घड्यांत भुकटी राहिली होती, आणि बुटांच्या तोंडातून आतही उतरली होती. डबे त्यानेच जास्त उचलले होते ना.

केंद्रावर आले तेव्हा बाहेर धूळ उडत होती, म्हणून बंबाच्या खोलीचं दार कुणीतरी ओढून घेतलं. बाकीचे तिघे पाणी प्यायला आत गेले. भोंग्याने मुखवटा काढला, घामाने निथळलेला चेहरा पुसला आणि फरशीवर जाऊन हात वर करून उभा राहिला.

"भावजी, दिवसभर तुमचं पाणी तुंबलंय. सोडा एकदाचं!"

आणि भावजींनी पाणी सोडलं.

भोंगा खाली वाकून बुटात पाणी घेत होता, बाह्यांच्या घड्या चोळत होता. बुटातून पांढरट वाफ वर आली. तो खोकला. "पाण्यात कुणी लसूण ठेचलाय का हो?" असं म्हणून हसलासुद्धा. भावजी सांगत की त्या हसण्याच्या मध्येच त्यांना कळलं. नळी टाकून ते धावले, त्याला ओढत अंगणात आणलं, कोट फाडून काढला, बूट फेकले. पण वाकलेल्या माणसाचं तोंड त्या बुटावर होतं. चार श्वास असोत की दहा, जायचे ते आत गेले होते.

संध्याकाळी डोकं दुखतं म्हणाला. मग छाती आवळते म्हणाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी खरं ते सांगितलं, "यावर उतारा नाही. श्वासाला आधार देऊ, बाकी त्याच्या शरीरावर आहे." आईला निरोप गेला. ताई तिला आणायला निघाली, मी दौऱ्यावर होते. रात्रभर त्याच्याजवळ फक्त भावजी होते. दुसऱ्या दिवशी आई पोचायच्या आत तो गेला.

चौकशीत निघालं की गोदामातच मुखवट्याच्या फटीतून वायू शिरला असावा. साहेबांना शंका असेल, पण त्यांनी भावजींना बाजूला घेऊन म्हटलं, "आता बोलून तो परत येणार नाही. तुमच्या घरातलाच माणूस आहे. घर सांभाळा."

भावजी तिथून उठले ते थेट आईच्या घरी जाऊन तिच्यापुढे बसले. ताई होती, मी होते. त्यांनी कुठलीही प्रस्तावना केली नाही. "आई, गोदामात त्याला काही झालं नव्हतं. तो धडधाकट बाहेर आला. मी त्याच्यावर पाणी मारलं. माझ्या हातून गेला."

आईने त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "जावईबापू, या घरात परत पाऊल टाकू नका."

त्यांनी हेच चौकशीवाल्यांनाही लिहून दिलं. शिक्षा झाली ती किरकोळ. पंपावरून त्यांनी स्वतःच बदली मागून घेतली आणि एक परवानगी मागितली, की मला दुसऱ्या केंद्रांवर जाऊन हे सांगू द्या. कारण ती फरशी, ती रीत, सगळीकडेच होती.

पहिल्यांदा बोलायला गेले तेव्हा अर्धी माणसं पेंगली. ते माझ्याकडे आले. "मेहुणीबाई, तुम्ही हजार माणसांना जागं ठेवता. मला तीस जणांना जागं ठेवायचं आहे."

मी म्हटलं, "भावजी, बोलू नका. करून दाखवा. आणि रडू नका, रडायचं काम त्यांचं."

मग ते एक कोट नेऊ लागले. त्याच्यावर पीठ भुरभुरायचं आणि कुणालातरी तो घालून मोकळ्या जागेत, पाठीवर वारा घेऊन उभं करायचं. स्वतः मुखवटा चढवायचा. समोरच्याचा मुखवटा काढायचा नाही. कोरड्या कुंच्याने वरून खाली झाडायचं, प्रत्येक घडी उलगडून. बूट उलटे करून झटकायचे. कोट डोक्यावरून ओढायचा नाही, पुढून उघडायचा. सगळं कोरड्या पिशवीत बंद करायचं. आणि मग, सगळ्यात शेवटी, उघड्या अंगावर भरपूर पाणी. शेवटी ते सांगत, "हे मला ठाऊक होतं. साहेबांनी सांगितलं होतं. तरी मी माझ्या मेहुण्याला मारलं. तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून हातांना शिकवा." कुणी पेंगत नसे.

या सगळ्याची बातमी आईला लागली. ती ताईला म्हणाली, "माझा मुलगा एकदा गेला. हा त्याला गावोगाव नेऊन मारतोय. त्याला म्हणावं, बंद कर. बंद केलंस तर दार उघडं आहे."

ताईने येऊन सांगितलं. भावजींचे स्वतःचे आईवडील लहानपणीच गेलेले, माझ्या आईला ते आईच मानत. तिच्या हातचा चहा मिळावा म्हणून दर सुट्टीला तिच्याकडे जायला निघणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात दोन केंद्रं ठरलीत."

तेव्हापासून ताई आईकडे निघाली की भावजी तिला सोडायला जायचे आणि जिन्यात बसायचे. पायरीवर, भिंतीला टेकून. वर्षानुवर्षं. वर कप वाजलेले त्यांना ऐकू येत. एकदा मी म्हटलं, "अहो, खाली बाकावर तरी बसा, गुडघे धरतील." म्हणाले, "इथून आईंचा आवाज येतो."

आई अंथरुणाला खिळली तेव्हा एका दुपारी तिने डोळे उघडले आणि ताईला म्हटलं, "जिन्यात असतील ना? बोलव."

भावजी आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आईने विचारलं, "अजून सांगत फिरता?"

"हो."

"मी मरताना सांगितलं, आता पुरे, तर?"

ताईने डोळे मिटून घेतले. भावजी म्हणाले, "नाही जमणार, आई."

आई छताकडे बघत राहिली. "मग एवढं तरी सांगत जा, की तो घाबरला नव्हता. हसत गेला, असं सांगा."

माझ्या मनात आलं, म्हणा हो भावजी. एका शब्दाचं काम आहे. तो माणूस उंबऱ्यावर हात टेकून उभा होता.

"घाबरला होता, आई. फार घाबरला होता. माझा हात सोडत नव्हता."

"त्याला कळलं होतं? कशाने झालं ते?"

"माझ्या आधी कळलं होतं. म्हणाला, आईला सांगू नका. ती तुम्हाला घरात घेणार नाही."

हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. आईचे ओठ हलले. मग ती म्हणाली, "त्याचं ऐकायचं होतं तुम्ही." थोड्या वेळाने पुन्हा, "इतकी वर्षं जिन्यात बसलात."

तिने पलंगाची कड दाखवली. "बसा."

भावजी बसले. आई म्हणाली, "आणखी काय म्हणाला?"

"तुम्ही कधी येणार, ते विचारत होता. सारखं तेच."

"कसं विचारत होता?"

भावजींना अभिनय येत नव्हता. कधीच आला नाही. ते खाली बघून, अर्ध्या श्वासात, म्हणाले, "आई कधी येणार?" त्या आवाजात भोंग्याचा आवाज कुठेच नव्हता, नुसती त्याची धाप होती.

आईने भिंतीकडे तोंड केलं. "आले रे," ती भिंतीला म्हणाली. "आले. गाडीच उशिरा सुटली."