ताटाळ्यात वाळलेल्या तबकड्या

आईला गाताना मी कधीच ऐकलं नाही. लग्नाआधी पुण्यात असताना तिची एक तबकडी निघाली होती, दोन्ही बाजूंना एकेक भावगीत. पुढे मी तान्ही असताना तिला घटसर्प झाला. त्यातून ती वाचली, पण आवाज गेला तो गेलाच. घोगऱ्या, दबक्या स्वरात बोलायची आणि जरा जास्त बोलणं झालं की पाण्याचा घोट घ्यायची. त्यामुळे आईचा गळा कसा होता, हे मला कळलं ते ग्रामोफोनवरच. त्या तबकडीची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती, तिच्या माहेरीही उरली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत बाबांची कलकत्त्याला बदली झाली. ते केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. भवानीपुरात एका जुन्या घराच्या तळमजल्यावर आम्ही बिऱ्हाड केलं. वर घरमालकीण एकट्या राहायच्या. मी त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायची आणि त्या आईला ‘बोउमा’ म्हणायच्या, म्हणजे सूनबाई. संध्याकाळी आमच्याकडे ग्रामोफोन लागला की त्या पानाचा डबा घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसत. मराठीचा एक शब्द त्यांना कळत नसे. पण आईची तबकडी लागली नाही तर ती मागून घेत.

सगळ्या तबकड्या एका लाकडी खोक्यात, एकीवर एक आडव्या रचून, पलंगाखाली ठेवलेल्या असायच्या. त्यात बाबांची नाट्यपदं होती, आईच्या आवडीची भावगीतं आणि तिची स्वतःची तबकडी होती आणि इथं आल्यावर माशीमांच्या नादानं घेतलेली बंगाली गाणीही होती. काही क्रम असा नव्हताच. हवी ती तबकडी नेहमी तळाशी सापडायची आणि तिच्यासाठी सगळी चळत उपसावी लागायची. बाबा दर वेळी म्हणायचे, “आता एकदा नीट लावून टाकू या.” ते राहूनच जायचं.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पुण्याला जाऊन आलो. हावड्याला उतरून घोडागाडीनं घरी पोचलो, दार उघडलं, तर आत कोंदट वास भरून राहिलेला. आई पदर खोचून झाडायला लागली. पलंगाखाली केरसुणी घातली आणि तिच्याबरोबर बाहेर आली ती मातीची ढेकळं.

“अहो,” आईनं हाक मारली, “इकडे या जरा.”

भिंतीतून वाळवी निघाली होती आणि थेट खोक्यात शिरली होती. बाबांनी खोकं ओढलं तर एक फळी त्यांच्या हातातच राहिली. तबकड्यांची कागदी पाकिटं सगळी खाल्लेली होती. ओल आणि माती यांचा राडा झाला होता आणि त्यात त्या काळ्या चकत्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. गाण्याचं आणि गाणाऱ्याचं नाव छापलेला मधला गोल कागदही बहुतेकींचा कुरतडलेला. कुठली कोणाची, काहीच ओळखू येईना.

आईनं केरसुणी बाजूला टाकली. तशीच जमिनीवर बसून राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कचेरीत हे सांगितलं. बेहाल्याला राहणाऱ्या त्यांच्या एका सहकाऱ्यानं सल्ला दिला की स्पिरिटनं पुसा, माती सुटेल आणि बुरशीही मरेल. बाबा येताना बाटली घेऊनच आले.

“आधी माझी एक पुसून बघतो,” ते आईला म्हणाले. “तुझ्यांना इतक्यात हात लावत नाही.”

मधला कागद थोडा शाबूत असलेली एक तबकडी त्यांनी निवडली. त्यांच्या फार आवडीचं नाट्यपद होतं त्यावर. कापसाचा बोळा एकदाच फिरवला आणि त्याखाली तबकडीची चकाकी विरघळू लागली. बोळा काळा झाला, बोटं चिकट झाली. रेघा जाऊन तिथं नुसता मळकट डाग उरला. तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बाबांनी बाटलीला बूच लावलं.

“बरं झालं माझी घेतली,” ते म्हणाले. मग जरा वेळानं, “चांगलं होतं गं ते पद.”

आई उठली. पितळी परातीत गार पाणी घेतलं, बाबांच्या जुन्या धोतराचं मऊ फडकं फाडलं आणि एकेक तबकडी बाळाला न्हाऊ घालावं तशी, रेघांच्या कडेकडेनं गोल पुसू लागली. मी माती खरवडायला नख लावलं तर म्हणाली, “नको, भिजू दे. आपोआप सुटेल.” पुसलेल्या तबकड्या ठेवायच्या कुठं? जमिनीवर ओल होती आणि उन्हात टाकाव्यात तर त्या वाकतात. तिनं स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यातली ताटं काढून ओट्यावर ठेवली आणि तिथं तबकड्या उभ्या केल्या. आम्ही दोन दिवस केळीच्या पानावर जेवलो.

सगळ्या वाळल्यावर खरा प्रश्न आला. आईची कुठली? वाजवल्याशिवाय कळणार नव्हतं. बाबांनी ग्रामोफोनला किल्ली दिली, नवी सुई बसवली. माशीमाही खाली आल्या होत्या. आज त्या पायरीवर न बसता आमच्या चटईवरच बसल्या. पहिली लागली ती बंगाली. खरखर फार होती, पण गाणं धड होतं. माशीमांनी मान डोलावली. मग एक नाट्यपद लागलं, बाबांनी पुढची ओळ स्वतःच म्हणून टाकली. मग आणखी एक, आणखी एक. दर वेळी सुई टेकली की आई हातातला पदर घट्ट धरायची आणि दुसराच आवाज आला की बाहेर बघायची. न लावलेल्या तबकड्या कमी होत चालल्या तशी मी उरलेल्या पुन्हा पुन्हा मोजू लागले. स्पिरिट लावलेली ती नक्की बाबांचीच होती ना, असंही एकदा मनात येऊन गेलं.

आणखी एक लागली. आधी तंबोरा, मग थोडी खरखर, आणि मग ती. माझ्यापेक्षा फार मोठी नसलेली, मोकळ्या गळ्याची मुलगी.

“भालो आछे, बोउमा!” माशीमा जवळजवळ ओरडल्याच. “चांगली आहे गं, चांगली आहे!” असं त्यांचं म्हणणं मला आईला सांगावं लागलं नाही. बाबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. आई गाणं संपेपर्यंत हलली नाही. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, “दुसरी बाजू लावा.” तीही नीट वाजली. आणि मग ती हसायलाच लागली, थांबेचना. इतके दिवस घरात कोणी हसलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बाबांनी सागवानी कपाट करून घेतलं, आत ताटाळ्यासारख्या उभ्या खाचा असलेलं. कपाटाचे पाय पाण्यानं भरलेल्या वाट्यांमध्ये ठेवले, म्हणजे वाळवी वर चढायला नको. लावायच्या कशा यावरून मात्र दोघांचं वाजलं. बाबांना गायकांप्रमाणे हव्या होत्या.

“सकाळी काय ऐकायचं ते एकीकडे आणि संध्याकाळी काय ते दुसरीकडे,” आई म्हणाली. “गायक कशाला बघायचा?”

“आणि पाहुण्यानं एखादा गायक मागितला तर?”

“तर मी काढून देईन.”

आईचंच खरं झालं. तिनं सुती कापडाच्या पिशव्या शिवल्या. सकाळच्यांना पिवळा दोरा, संध्याकाळच्यांना निळा, बंगाली गाण्यांना लाल. स्वतःच्या तबकडीला कुठला दोरा घालायचा, ते तिला ठरवता येईना. शेवटी माशीमांनीच पिवळं रीळ उचलून तिच्या हातात दिलं.

शेवटची पिशवी खाचेत गेली तेव्हा रविवारची दुपार होती. आईनं कपाटाचं दार लावलं, तिथंच चटईवर आडवी झाली आणि बघता बघता तिला गाढ झोप लागली. चहाची वेळ झाली तरी बाबा मला म्हणाले, “उठवू नकोस तिला.” त्या दिवशीचा चहा त्यांनीच केला, फार गोड.