भरदिवसा लावलेला दिवा

केवळ वीज वाचवण्यासाठी जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका आमच्या डोक्यावर, वरच्याच मजल्यावर राहायला होता. कोथरूडमधल्या आमच्या चार मजली सोसायटीचे हे सेक्रेटरी. कारखान्याच्या मेन्टेनन्स खात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी सबंध इमारत ताब्यात घेतली. सकाळी जिन्यातला दिवा चालू दिसला, की ते चपला घालायचंही विसरून खाली धावत. दिवा बंद करून गप्प बसतील तर ते कसले! जो पहिला सापडेल त्याला विचारत, "काय हो, सूर्य नीट दिसत नाहीये का आज?" पहिल्या मजल्यासाठी लिफ्टपाशी उभा राहिलेला धडधाकट माणूस तर त्यांचा वैरीच. माझा मेव्हणा बिचारा मिठाईचा पुडा घेऊन पहिल्यांदाच येत होता. त्याला त्यांनी इतक्या काळजीने "पाय दुखतात का आपले?" असं विचारलं, की तो ओशाळून जिना चढत सुटला आणि पहिल्या मजल्याऐवजी थेट गच्चीवर पोचला.

गच्चीवरचे सौर बंब यांनीच भांडून बसवून घेतलेले. त्या बंबांची रीत अशी, की नळ सोडल्यावर आधी बादलीभर गार पाणी येतं आणि मग ऊन. ते गार पाणी मोरीत सोडणं यांच्या लेखी पाप. ऐन आंघोळीच्या वेळी दारावर थाप पडे, "पहिली बादली झाडांना घातली का?" अंगाला साबण लागलेल्या अवस्थेत मी त्यांना आतून उत्तर दिलेलं आहे.

वैतागून एकदा मी त्यांच्या पत्नीकडे तक्रार केली. त्या शांतपणे म्हणाल्या, "चालू द्या हो. बंद करायला दिवा मिळाला नाही, तर हे खुर्चीत बसतील ते उठायचेच नाहीत." मी हसण्यावारी नेलं.

पुढे आयटीतल्या मुलाने हडपसरला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला आणि दोघांना तिकडे नेलं. मी भेटायला गेलो. तिथे पाऊल टाकलं की दिवे आपोआप लागत आणि पुढे गेलं की मागचे बंद होत. यांच्या स्वप्नातलीच इमारत! मी अभिनंदन केलं, तर खुर्चीतून न उठता म्हणाले, "उत्तम सोय आहे. माझी काही गरज पडत नाही." हा माणूस बसून बोलतोय, हे मला बघवेना.

"तुमच्यामागे सोसायटीत नुसती अनागोंदी माजलीय, जरा फेरी मारत जा," असं मी ठोकून दिलं. वास्तविक यांच्या धाकाने आम्हाला आता दिवे बंद करायची सवयच जडली आहे.

आता ते दर रविवारी सकाळी बसने येतात. फाटकाशी दिसले, की मी जिन्यातला दिवा लावतो आणि घरात शिरून दार लोटून घेतो. थोड्या वेळाने बटणाचा खट्ट आवाज होतो आणि पाठोपाठ साऱ्या बंद दारांना उद्देशून प्रश्न येतो, "काय हो, सूर्य नीट दिसत नाहीये का आज?"

आवाज खणखणीत असतो. तो वरच्या मजल्यापर्यंत चढत जातो, तोवर मी दाराआड उभा राहून ऐकत असतो.