पंचगंगेचं पाणी प्यालेला हात

जगात मोटारी दुरुस्त करणारी माणसं फक्त कोल्हापुरात जन्माला येतात आणि बाकीच्या गावांत लोक नुसतेच हातात पाने घेऊन हिंडत असतात, असं ठाम मत असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्काचा, नवरा. सगळं घर त्यांना दाजी म्हणे, म्हणून मीही दाजीच म्हणत आलो. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती. देह गुळाच्या ढेपेसारखा, आवाज भर सौद्यात पलीकडच्या गल्लीपर्यंत पोचणारा. ढेपेवर टिचकी मारून ती कुठल्या गावच्या गुऱ्हाळातली ते सांगायचे, आणि चुकलं तर चूक ढेपेची असायची.

संस्थान गेल्यावर एका जुन्या दरबारी अधिकाऱ्याने आपली काळी विलायती मोटार विकायला काढली, ती दाजींनी घेतली. घेतली म्हणण्यापेक्षा सांभाळायला आणली म्हणणं बरं. दसऱ्याला तिची पूजा व्हायची यात नवल नाही, पण दर अमावस्येला तिची दृष्टही काढली जायची. हॉर्न वाजवला की बॅटरीला त्रास होतो म्हणून दाजी हॉर्न वाजवत नसत. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून "ओ पावणं, सरका की!" असं ओरडत. त्या आवाजाने बैल बुजत आणि सायकलवाले आपण होऊन गटारात उतरत. आणि गाडी 'बंद पडली' असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. गाडी 'बसली' म्हणायचं. चालून दमलेलं म्हातारं माणूस पारावर बसतं, तशी ती बसायची. फक्त तिचा पार आपल्या घरापासून लांब कुठेतरी असायचा, एवढंच.

ती कुठेही बसो, दाजींचा कायदा एकच. पंचगंगेचं पाणी प्यालेल्या हाताशिवाय बॉनेटला कुणाचा हात लागता कामा नये. एकदा आंबोलीच्या अलीकडे गाडी बसली. शेजारच्याच गावात गॅरेज होतं. दाजींनी तिकडे ढुंकूनही न बघता उद्यमनगरातल्या आपल्या मिस्त्रींकडून शिकून घेतलेल्या तेवढ्याच विद्येच्या जोरावर कार्बोरेटर सोडवला, तो टॉवेलात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एसटीने कोल्हापूरला निघाले. शेजारच्या बाईने कौतुकाने विचारलं, "लेकरू कितव्या म्हयन्यातलं हो?" दाजी म्हणाले, "विलायती हाय, त्यांचं काय कळत न्हाई." अक्काला गाडीच्या राखणीला ठेवलं होतं. दाजी दुरुस्त कार्बोरेटर घेऊन परतले तोवर तिची गावभर ओळख झाली होती, दोन घरच्या भाजण्या तिने बिघडवून सुधारल्या होत्या, आणि एका बारशात तर बाळाचं नावही तिच्याच पसंतीचं ठेवलं होतं. दाजींना बघून ती म्हणाली, "आलासा व्हय? एवढी घाई कशाला केलीसा?"

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. माझी सासू ही माझी सख्खी मामी. मी लहानपणापासून तिच्या घरात वाढलेला, त्यामुळे माझ्याशी ती घडाघडा बोलायची, वेळ पडली तर कानही पिरगाळायची. पण थोरल्या जावयाशी सासूने समोरासमोर बोलायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत. अक्काची पोरं कॉलेजात गेली तरी मामी दाजींशी एक शब्दही थेट बोलली नव्हती. दाजी समोर बसलेले असत, आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून मामी मला सांगे, "बाबू, त्यांना म्हणावं, भाकरी अजून एक घ्या." मी दाजींना सांगायचो. दाजी मला म्हणत, "त्यांना सांगा, पोट भरलं." मधे दोन हातांचंही अंतर नसायचं. मी घरी नसलो की मामी हे खांबाला सांगायची. दाजी या रीतीची थट्टा करत, पण ते रांगत होते तेव्हाच त्यांची आई गेली होती, आणि सासूने आपल्याशी बोलावं असं त्यांना मनातून फार वाटायचं. हे ते अक्काला कधीतरी बोलून गेले होते.

मामीची एक थोरली बहीण विजापूरला दिलेली. दोघींचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. कारण काय, तर एका लग्नात भरल्या पंगतीत थोरली म्हणाली, की धाकटीच्या कांदा-लसणाच्या चटणीला माहेरची चव राहिली नाही. झालं. कोल्हापूरच्या बाईला तुम्ही दुसरं काहीही म्हणा, ती ऐकून घेईल. आणि मग बातमी आली, की थोरलीच्या मुलाची बदली आसामकडे झाली आणि तो आईलाही कायमचं घेऊन निघालाय. अमुक दिवशी संध्याकाळची गाडी. मामी दिवसभर चटणी कुटत बसली. मग चटणीची बरणी फडक्यात बांधून माझ्यापुढे आली आणि म्हणाली, "बाबू, त्यांना म्हणावं, मला इजापूरला न्या. ती एकदा गेली की परत काय दिसती?"

दाजींनी निरोप पुरा व्हायच्या आतच किल्ली घेतली. पहाटे निघालो. पुढे दाजी आणि मी, मागे मामी आणि अक्का, त्यांच्यामध्ये बरणी आणि घरच्या पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या. मिरज गेलं, कागवाड गेलं. अथणी ओलांडून काळ्या रानात आलो, आणि गाडी दोन आचके देऊन बसली.

झाड नाही, सावली नाही. माथ्यावर चैत्रातलं ऊन. दाजींनी गाडीला गोंजारलं, पुढून एकदा आणि मागून एकदा नमस्कार केला. उपयोग शून्य. मी एका बैलगाडीवाल्याकडून अथणीला निरोप धाडला, तसा बऱ्याच वेळाने सायकलला पिशवी अडकवून एक मेकॅनिक आला. बारकासा, हसतमुख माणूस. तो सरळ बॉनेटकडे वळला, तर दाजी आडवे. पाठ बॉनेटला लावून, दोन्ही हात पसरून उभे राहिले.

मी कळवळून म्हटलं, "दाजी, संध्याकाळची गाडी आहे!"

"कायदा तो कायदा, पावणं," दाजी म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. तेही घाबरले होते. कायदा न मोडता या माणसाला आत कसा घ्यावा याची वाट ते शोधत होते. त्यांनी चौकशी आरंभली.

"कोल्हापूरला कधी आलतासा का?"

"इल्ल," मेकॅनिक मान हलवत म्हणाला.

"अंबाबाईला तरी?"

"इल्ल. आमचं येल्लम्मा."

"मग पावणंरावळं कोण हाईत का तिकडं? मेव्हणा? मावसभाऊ? शिकायला कुणाच्या हाताखाली हुतासा?"

"हुबळी, हुबळी," तो आनंदाने म्हणाला.

दाजींनी त्याला डोक्यापासून न्याहाळलं. नजर पायापर्यंत गेली आणि चेहरा उजळला. "अहो, पायतान तर कोल्हापुरी हाय की!"

"हे आमच्या अथणीतच करतात," तो अभिमानाने म्हणाला. "तुमच्या कोल्हापूरला इथूनच जातंय."

कोल्हापूरच्या माणसावर इतका मोठा घाव भर रस्त्यात कुणी घातला नसेल. दाजी मटकन बंपरवर बसले. सूर्य पश्चिमेला कलायला लागला होता. अक्काने नवऱ्याला हाक मारली, रागावून बघितलं, दोन्ही वाया गेलं. दाजी पंच्याने घाम पुसत नुसते बसून होते, आणि पाठ मात्र बॉनेटला टेकलेलीच.

तेव्हा मागचं दार उघडलं. मामी उतरली. पदर पुढे ओढलेला, हातात फिरकीचा तांब्या. मला वाटलं, आता मला काहीतरी सांगणार, म्हणून मी पुढे झालो. तिने मला हाताने बाजूला सारलं आणि दाजींच्या समोर उभी राहिली.

"जावईबापू," ती म्हणाली, "ह्ये पंचगंगेचंच पाणी हाय. पाजा त्येला, आणि मला माझ्या बहिणीकडं न्या."

दाजी ताडकन उठले. मामीच्या हातातून तांब्या घेतला. मेकॅनिकला बहुधा या सगळ्यातलं काही कळलं नसावं, पण ऊन होतं, त्याने तांब्या तोंडाला लावला आणि घटाघट सगळा संपवला. दाजी त्याच्या गळ्याकडे घोट घोट बघत होते. शेवटचा थेंब आत गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "या."

बिघाड अगदी किरकोळ निघाला. पेट्रोलच्या नळीत काहीतरी अडकलं होतं. मेकॅनिकने नळी सोडवून फुंकली, बाहेर पडलेला खडा बोटावर घेतला, हुंगला, चाटला आणि चकित होऊन म्हणाला, "बेल्ल!"

म्हणजे गूळ. पेट्रोलची टाकी गळत होती म्हणून दाजींनी मागच्या आठवड्यात तिला आतून बाहेरून गूळ-चुन्याचा लेप दिला होता, जुन्या वाड्यांना देतात तसा. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी माणूस ओशाळेल. छे! छाती पुढे काढून ते मेकॅनिकला म्हणाले, "चव बघा की नीट! असला गूळ अथणीत मिळतोय का?" आणि मला म्हणाले, "बघितलासा पावणं? बिघडली तरी बाहेरच्या कशानं न्हाई बिघडली."

उरलेला रस्ता दाजींनी कसा कापला ते त्यांनाच ठाऊक. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी हॉर्न वाजवला, आणि विजापूरच्या स्टेशनापर्यंत थांबवला नाही. आम्ही फलाटावर धावलो तेव्हा मंडळी डब्यात बसली होती. थोरली खिडकीशी होती. मामीने बरणी वर केली. थोरलीने ती घेतली, मांडीवर ठेवली आणि बहिणीकडे बघत राहिली.

"केस पिकलं की गं तुझं," ती म्हणाली.

"तुझं काय काळं हाईत?" मामी म्हणाली. एवढंच बोलणं झालं. गाडी सुटली तरी दोघींचे हात खिडकीतून सुटत नव्हते, आणि मामी डब्याबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेली. थोरली पुन्हा कोल्हापूरला आली नाही. आसामातच गेली.

परतताना दाजी सारखे आरशातून मागे बघत होते. कान टवकारून होते म्हणा ना. मिरजेच्या आसपास मामी खाकरली. दाजींनी गाडीचा वेग कमी केला.

"बाबू," मामी म्हणाली, "त्यांना म्हणावं, सावकाश चालवा."

"त्यांना सांगा, बरं," दाजी हळूच म्हणाले. मामी पुढे बरीच वर्षं जगली, पण त्यांच्याशी थेट पुन्हा कधी बोलली नाही.

आता मामी नाही, अक्का नाही, गाडीही कुणीतरी भंगारात नेली. दाजी पोराच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून असतात. आवाज तेवढा अजून शाबूत आहे. मी गेलो की गुळाचे भाव काढतात, राजकारण्यांना शिव्या घालतात, आणि मग सून आत गेली की माझ्याकडे सरकतात.

"पावणं, त्या माझ्याशी बोलल्या हुत्या. व्हय का न्हाई? तुमी हुतासा की तिथं."

"होतो की."

"काय म्हणाल्या, जरा सांगा बघू."

मी सांगतो. जावईबापू, ह्ये पंचगंगेचंच पाणी हाय. पाजा त्येला, आणि मला माझ्या बहिणीकडं न्या. ते डोळे मिटून ऐकतात. मग पहिला शब्द तेवढा पुन्हा म्हणायला लावतात. मी मामीच्या आवाजात म्हणून बघतो, मला ते काही जमत नाही. दाजी म्हणतात, "असू दे, पुन्हा म्हणा."