वहिनीची उंची

ज्या सहकारी साखर कारखान्यावर आमचं घर दरवर्षी ऊसतोडीला जायचं, त्याचा बॉयलर त्या वर्षी पेटलाच नाही. पाऊस नव्हता, त्यामुळे ऊस नव्हता. दिवाळीनंतर एवढी माणसं मी आमच्या नांदूरघाटाकडच्या वस्तीवर पहिल्यांदाच पाहिली. कुणाला काही सुचत नव्हतं. भाऊ तर दिवसातून चारदा पारावर जाऊन यायचा आणि आला की पुन्हा चप्पल शोधायचा.

मीही तशीच. पोलीस भरतीत मुलींच्या जागा वाढल्यात, असं कॉलेजातल्या बाईंनी सांगितल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं. वडील म्हणाले, "पळायचं तर पळ, पर एकटी न्हाई जायचं. वहिनीला संगं ने."

वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, एका लेकीची आई. पहिले तीन दिवस ती रस्त्याकडेच्या बांधावर बसून राहिली. पहाटेच्या गारठ्यात नुसतं बसून तिचे दात वाजायला लागले. चौथ्या दिवशी तिनं पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि पळाली. आठवड्याभरात मीच तिच्या मागं धापा टाकत होते. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारे पाय होते ते.

"तूबी फॉर्म भर," मी म्हणाले.

"अन् लेकरू?"

"आई हाय की."

भावाला मीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी जेवताना तो ताटाकडं बघतच म्हणाला, "कावून न्हाई? बारावी तर तीबी हाय."

टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. आम्ही पळून आलो की ओल्या फडक्यानं अंग पुसायचो. तरी रांगेतल्या बायका म्हणायच्याच, "प्यायला पानी न्हाई अन् ह्या घाम गाळत्यात."

भरतीच्या दिवशी भावानं आम्हाला मोटारसायकलवरून मांजरसुंब्याला सोडलं. तिथून एसटीनं बीड. मैदानावर आधी उंची मोजत होते. माझी बसली. माझ्या मागं वहिनी. मोजणाऱ्या बाई हवालदारांनी पट्टी तिच्या डोक्यावर टेकवली, थांबल्या, तिला टाचा जुळवायला सांगितलं, पुन्हा टेकवली.

"अर्धा सेंटिमीटर कमी हाय, ताई."

"आनखी एकदा बघा ना, बाई."

त्यांनी तिसऱ्यांदाही मोजलं. घाईनं नाही, नीट मोजलं. मग मान हलवली.

मी रांगेतून बाहेर पडायला लागले, तर वहिनीनं माझा दंड धरला. "लई शहाणी हायस. व्हय पुढं."

आठशे मीटरमध्ये माझ्यापुढं तिची पाठ नव्हती. किती वेगानं पळावं हेच मला कळेना. दुसऱ्या फेरीत कुंपणापलीकडून तिचा आवाज आला, "आता सुसाट सोड! सोड आता!" मग मी जीव खाऊन पळाले.

लेखी परीक्षेनंतर यादी लागेपर्यंतचे दिवस मी कसे काढले, सांगता येत नाही. नाव दिसलं तेव्हा आई रडली आणि वडील गावभर सांगत सुटले. वहिनीनं साखर आणायला भावाला पिटाळलं. तिच्या चेहऱ्याकडं मात्र मला नीट बघवेना.

ट्रेनिंग संपल्यावर पहिले कितीतरी महिने मला टँकरच्या बंदोबस्तालाच पाठवायचे. बायकांची भांडणं सोडवायला बाईच हवी. पुढं पाऊस झाला, कारखान्याचा बॉयलर पेटला आणि भाऊ-वहिनी पुन्हा तोडीला गेले. एकदा शेजारच्या तालुक्यातला बंदोबस्त आटोपून मी वर्दीतच त्यांच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीवर, गेले. आजूबाजूच्या कोप्यांतल्या बायका पोलीस आला म्हणून दचकून उठल्या. वहिनीनं माझा पट्टा, टोपी, बूट सगळं फिरून पाहिलं. चहा टाकला. चुलीत फुंकर घालता घालता तिनं विचारलं,

"त्या दिशी आठशे मीटर कितीत मारलंस?"

इतक्या दिवसांत तिनं हे कधीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं.

"मी त्याच्या आत मारलं असतं."

"मारलं असतंस," मी म्हणाले.

ती जराशी हसली. तेवढ्यात उसाच्या फडात भरायला ट्रक लागल्याची हाक आली. तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला, डोक्याला फडकं बांधलं आणि निघून गेली. मला तो चहा बसून पिता आला नाही. कप हातात घेऊन मी कोपीच्या दारात येरझाऱ्या घालत राहिले.